वाचक विचारतात : फायबर सिमेंटच्या पट्ट्या आणि त्यामागची इंचभर पोकळी

गेल्या अंकात बाहेरच्या भिंतींच्या रंगाबद्दल लिहिताना एका ओळीत फायबर सिमेंटच्या पट्ट्यांचा उल्लेख केला होता, तर या वेळची बहुतेक पत्रं त्या एका ओळीवरच आली. बरं झालं. इंदूरात नवीन कॉलन्यांमधे हे काम आता दिसायला लागलंय, जुन्या घरांनाही लोक लावून घेतायत, आणि ज्या घाईनं ते लावलं जातंय ते बघून काळजी वाटते, म्हणून या वेळचं सगळं सदर यालाच दिलंय. सारखे प्रश्न एकत्र केलेत.

प्रश्न (सुदामानगर) : आमची मुलगी न्यू जर्सीला असते. तिच्या घराला बाहेरून लाकडी फळ्या दिसतात, एकीवर एक चढवलेल्या, पण हात लावला तर लाकूड नाही. जावई म्हणाले सिमेंट आहे. हे नेमकं काय असतं, आपल्याकडे मिळतं का? आमचं घर विटांचं आहे, तीस वर्षं जुनं.

काका, जावई बरोबर बोलले, ते सिमेंटच आहे. पोर्टलंड सिमेंट, बारीक दळलेली वाळू किंवा कोळशाची राख म्हणजे फ्लाय अ‍ॅश, आणि लाकडाच्या लगद्यातले तंतू म्हणजे सेल्युलोज, हे सगळं पाण्यात कालवायचं, त्याचे पातळ पातळ थर एकावर एक चढवायचे, दाबायचे, आणि माल चांगल्या प्रतीचा असेल तर वाफेच्या मोठ्या बंद टाकीत, तिला ऑटोक्लेव्ह म्हणतात, १७०-१८० अंशांच्या आसपास कितीतरी तास ठेवायचे. त्या वाफेत सिमेंटमधला चुना आणि वाळूतली सिलिका यांचा पक्का जोड होतो आणि मग तो बोर्ड पाणी लागलं की फुगणं, ऊन लागलं की आकसणं हे फार कमी करतो. लाकडाच्या रेषा दिसतात त्या साच्याने उठवलेल्या असतात. थर चढवायची ही रीत लुडविग हाचेक नावाच्या ऑस्ट्रियन माणसाने १९०० च्या सुमारास काढली, फक्त तेव्हा तंतू असायचे अ‍ॅस्बेस्टसचे. ते काढून सेल्युलोजवर हे जमवायचं काम ऑस्ट्रेलियात १९८० च्या दशकात झालं, आणि तिथून हा माल अमेरिकेत गेला आणि लाकडी फळ्यांची, व्हिनाइलच्या प्लास्टिक साइडिंगची, म्हणजे भिंतीवरच्या बाहेरच्या आवरणाची, जागा घेत गेला.

आपल्याकडे मिळतो. भारतात बनतो, थायलंडहूनही येतो, मोठ्या प्लायवुडवाल्यांकडे चौकशी केलीत तर सॅम्पल दाखवतील. दोन प्रकारांत येतो, एक ८ बाय ४ फुटांचे सपाट बोर्ड आणि दुसरा मुलीच्या घरासारख्या लांब पट्ट्या, त्याला प्लँक म्हणतात. पट्टी खालून वर लावत जायची आणि वरची पट्टी खालचीवर निदान सव्वा इंच चढली पाहिजे.

पण काका, एक फरक आधी समजून घ्या, बाकी सगळं त्यावर अवलंबून आहे. मुलीच्या घराची भिंत म्हणजे लाकडी खांबांचा सांगाडा, त्यावर प्लायसारखे तक्ते, त्यावर पाणी अडवणारा कापडासारखा रॅप, आणि त्यावर ह्या पट्ट्या. तिथे साइडिंग काढून टाकलं तर पाऊस सरळ घराच्या हाडापर्यंत जाईल, म्हणून तिथे ती गरजच आहे. तुमची भिंत ९ इंची विटांची, तिला पट्ट्या नसल्या तरी घर उभं राहतं, प्लास्टर आणि रंग आपलं काम करतात. म्हणजे आपल्याकडे हा निवडीचा खर्च आहे, आणि तो कशासाठी करताय ते आधी ठरवा. फक्त छान दिसावं म्हणून असेल तर समोरच्या एका भागाला लावा, पूर्ण घराला गुंडाळायची गरज नाही. पावसाचा मार खाणारी भिंत वाचवायची असेल किंवा उन्हाने तापणारी खोली थोडी सुसह्य करायची असेल तर मात्र पुढची उत्तरं नीट वाचा.

प्रश्न (राजेंद्रनगर) : आमच्या पश्चिमेच्या भिंतीला दर पावसाळ्यात सीलन येते, आतून पोपडे पडतात, वॉटरप्रूफिंगचे कोट मारून झाले. आता ठेकेदार म्हणतोय की बाहेरून फायबर सिमेंटचे बोर्ड डायरेक्ट भिंतीवर ठोकून देतो, फ्रेमची गरज नाही, स्वस्तात होईल आणि ओल परत दिसणार नाही. करून घ्यावं का?

ताई, असं करून घेऊ नका. ओल दिसणार नाही हे तो खरं सांगतोय, ती बोर्डामागे जाईल आणि तिथे राहील, आणि तुम्हाला कळेल तेव्हा आतलं प्लास्टर हातात येईल.

आधी पाणी कुठून येतंय ते शोधा. खालून दोन-तीन फुटांपर्यंत सारखी ओल आणि ती उन्हाळ्यातही पूर्ण जात नसेल तर ते जमिनीतून चढणारं पाणी आहे, बाहेर काहीही लावा ते थांबणार नाही. वरून उतरत येत असेल तर गच्चीच्या कठड्याचा माथा बघा, छज्जा भिंतीला जिथे मिळतो तो सांधा बघा, पावसाच्या पाण्याचा पाइप बघा. वर्षभर एकाच जागी डाग असेल तर भिंतीच्या पलीकडे बाथरूम आहे का ते बघा. आणि खिडकीच्या कोपऱ्यांतून तिरप्या भेगा गेल्या असतील तर आपली माळव्याची काळी माती, ती पावसात फुगते, उन्हाळ्यात आकसून फाटते आणि हलका पाया असेल तर घराला आपल्याबरोबर हलवते, अशा भेगेवर बोर्ड लावणं म्हणजे नुसतं झाकणं झालं. शंका असेल तर आतून भिंतीवर दोन फुटांचा प्लास्टिकचा तुकडा चारी बाजूंनी टेपने पक्का चिकटवून दोन दिवस ठेवा, प्लास्टिकच्या आतल्या बाजूला थेंब आले तर पाणी भिंतीतून येतंय, बाहेरच्या बाजूला आले तर खोलीतली दमट हवा आहे.

हे सगळं तपासून झालं आणि लक्षात आलं की ओल फक्त जोराच्या पावसात येते, पश्चिमेच्याच भिंतीला येते, तर मग साइडिंग तुमच्या खऱ्या कामाचं. इंदूरला वर्षाला साधारण ३५ ते ४० इंच पाऊस पडतो आणि पावसाळ्यातला वारा बहुतेक पश्चिम-नैर्ऋत्येकडून, म्हणजे तीच भिंत सगळा मार खाते. तिच्यापुढे एक पातळ दुसरी भिंत उभी केली आणि मधे हवा ठेवली तर विटांपर्यंत पाणी पोचतच नाही.

आणि हे सगळं घडतं त्या मधल्या पोकळीमुळे, बोर्डाचं नाव काय आहे याला त्यामानाने किंमत कमी. बोर्ड कितीही भारी घ्या, सांध्यांतून, स्क्रूच्या भोकांतून, खिडकीच्या कडेने थोडं पाणी मागे जाणारच, जगातल्या सगळ्या साइडिंगमागे जातं. ते खाली उतरून बाहेर निघून गेलं पाहिजे आणि राहिलेला ओलावा वाऱ्याने सुकला पाहिजे. त्यासाठी भिंतीवर उभे जी.आय. सेक्शन, म्हणजे जस्ताचा थर दिलेल्या लोखंडी पत्र्याच्या पट्ट्या, मारायचे, १६ इंचांच्या अंतरावर, २ फुटांच्या पुढे तर कधीच नाही, आणि बोर्ड त्या सेक्शनवर, म्हणजे भिंत आणि बोर्ड यांच्यात निदान इंचभर मोकळी जागा राहते. सेक्शन उभेच हवेत, आडवे मारले तर पाणी त्यांच्यावर अडून बसतं. खाली आणि वर ही पोकळी उघडी ठेवायची आणि जाळी लावायची, नाहीतर पाली, उंदीर, मधमाश्या सगळे राहायला येतात. बरेच कारीगर शेवटी खालची फट सिलिकॉनने बंद करून देतात, दिसायला साफसूफ वाटतं म्हणून, ते अजिबात करू देऊ नका, तीच पाण्याची बाहेर पडायची वाट आहे. सेक्शन बसवायला भिंतीत फिशरची, म्हणजे स्क्रू धरणाऱ्या प्लास्टिकच्या गुट्टीची, जी भोकं पडतील त्या प्रत्येकात आधी सीलंट भरून मग स्क्रू, कारण ओल थांबवायला आपण ओल्या भिंतीला शंभर भोकं पाडतोय हे विसरून चालत नाही. आणि भिंत पूर्ण सुकल्यावरच काम सुरू.

ठेकेदाराला आणखी काही गोष्टी कागदावर लिहून द्या. जमिनीपासून बोर्ड ६ इंच वर सुरू व्हावा, फरशीपासून किंवा गच्चीपासून निदान दीड-दोन इंच, पाण्यात पाय बुडवून उभा राहिला तर खालची कड सडत नाही पण थर सुटायला लागतात. दोन बोर्डांमधे ३ ते ५ मिलिमीटर फट हवी, एकाला एक घट्ट भिडवले तर पहिल्याच पावसाळ्यानंतर कडा उचलल्या जातात. फटीत आधी फोमची दोरी आणि वर पीयू म्हणजे पॉलियुरेथेनचं सीलंट, साधं सिलिकॉन नको, त्याच्यावर रंग धरत नाही. स्क्रू कडेपासून निदान १२ मिलिमीटर आत, कोपऱ्यापासून दोन इंच आत, आणि स्क्रू गंज न धरणारे. कापलेली प्रत्येक कड, हो प्रत्येक, लावायच्या आधी प्रायमरने बंद करायची, कारण बोर्डाचा चेहरा पाणी फारसं पीत नाही, कापलेली कड पिते. खिडकीच्या वर वाकवलेली पत्री, फ्लॅशिंग, बोर्डामागून काढून बाहेर आणलेली असली पाहिजे. खिडकीचा वरचा भाग नुसत्या सीलंटवर सोडला तर ओल बरोबर तिथूनच परत येते.

फ्रेमचे पैसे वाचवून तो भारी बोर्ड देत असेल तर उलट सांगा, बोर्ड मधल्या दर्जाचा दे पण फ्रेम, पत्री आणि सांधे पक्के कर.

प्रश्न (विजयनगर) : आर्किटेक्ट एसीपी सुचवतोय, मिस्त्री बायसन बोर्ड म्हणतोय, तुम्ही फायबर सिमेंट म्हणता. फरक काय?

एसीपी म्हणजे अ‍ॅल्युमिनियमच्या दोन पातळ पत्र्यांमधे दुसरा काहीतरी गाभा, आणि स्वस्त मालात तो गाभा पॉलिइथिलिनचा, म्हणजे प्लास्टिकचा असतो. २०१७ च्या जून महिन्यात लंडनच्या ग्रेनफेल टॉवरला आग लागली, ती एका फ्लॅटमधल्या फ्रिजपासून, आणि बाहेरच्या भिंतीला असंच प्लास्टिकच्या गाभ्याचं क्लॅडिंग, म्हणजे आवरण, होतं म्हणून ती बाहेरून सगळ्या इमारतीवर चढली, ७२ माणसं गेली. आग न पकडणाऱ्या गाभ्याचंही एसीपी मिळतं, पण कोटेशनवर नुसतं 'एसीपी' लिहिलेलं असेल तर कोणता गाभा ते लेखी घ्या. राहत्या घराला मी तरी प्लास्टिकच्या गाभ्याचं लावू देणार नाही.

बायसन बोर्ड हे आपल्याकडे सगळ्याच सिमेंटच्या बोर्डांना म्हणतात, पण तो माल वेगळा आहे, त्यात लाकडाचा चुरा सिमेंटमधे बांधलेला असतो. आतल्या पार्टिशनला, पोटमाळ्याला ठीक आहे. बाहेर ऊन-पावसात रोज उभं राहायचं तर फायबर सिमेंट, तेही बाहेरच्या वापराचं. फायबर सिमेंटच्या सपाट बोर्डांसाठी भारतीय मानक आहे आय.एस. १४८६२, त्यात टाइप ए म्हणजे बाहेरचा आणि टाइप बी म्हणजे आतला. दुकानात हेच विचारायचं, टाइप ए आहे का, आणि छापलेलं दाखवा. सीलिंगसाठी आणलेला आतला बोर्ड स्वस्त पडतो म्हणून बाहेर लावून टाकतात, दोन पावसाळ्यांत कडा फुलतात आणि मग लोक म्हणतात फायबर सिमेंटच वाईट.

फायबर सिमेंट स्वतः जळत नाही, पण ती मागची पोकळी चिमणीसारखी काम करू शकते, म्हणून तिच्यात थर्मोकोल भरू नका. काही भरायचंच असेल तर रॉकवूल, म्हणजे दगडापासून केलेली न जळणारी लोकर, आणि तेव्हाही बोर्डामागे हवेची जागा ठेवूनच.

प्रश्न (रामबाग) : आमचा वाडा शंभरेक वर्षांचा आहे. वरच्या मजल्याचं दर्शनी लाकूडकाम, सज्जा, तक्तपोशी, सगळ्याला वाळवी लागलीये. भाऊ म्हणतात सगळं उतरवून फायबर सिमेंटच्या पट्ट्या लावू, लाकडासारख्याच दिसतात. मन होत नाही, पण दरवर्षीचा खर्चही झेपत नाही.

ताई, तुमचं पत्र वाचून मी बराच वेळ विचार केला. मन होत नाही ना, मग त्याचं ऐका, पण हिशोबाने.

भावांच्या म्हणण्यात तथ्य आहे. वाळवी सिमेंट खात नाही आणि ते पेटत नाही, आणि लाकडाचं आगीपुढे काय होतं ते या शहराला सांगायची गरज नाही, राजवाड्याचे खालचे तीन मजले दगडाचे होते आणि वरचे चार लाकडाचे, १९८४ च्या आगीत लाकडाचे मजले गेले. पण तुमच्या वाड्यातलं सगळं लाकूड एका तराजूत घालू नका. कोरीव खांब, सज्ज्याचे घोडे, नक्षीच्या पट्ट्या हे एकदा उतरवलं की परत होणार नाही, आणि त्यातलं बरंचसं सागाचं असतं, वरून वाईट दिसलं तरी टोचून बघा, आत बऱ्याचदा पक्कं निघतं. चांगल्या सुताराला बोलवा, टोचणीने प्रत्येक भाग तपासून घ्या, वाळवीचं औषध करून घ्या, कोरीव भाग दुरुस्त करून ठेवा. ज्या नुसत्या साध्या फळ्या आहेत, गल्लीच्या बाजूच्या, मागच्या, पावसात कुजलेल्या, त्या जागी सिमेंटच्या पट्ट्या चालतील, रंग एक केला तर डोळ्यालाही खुपणार नाहीत.

दोन गोष्टी मात्र बघा. एक वजन. ८ मिलिमीटरचा बोर्ड साधारण चौरस फुटाला एक किलो पडतो, ८ बाय ४ चा एक बोर्ड तीस किलोच्या वर जातो, आणि पट्ट्या एकमेकींवर चढतात म्हणून आणखी थोडं. जुना लाकडी सांगाडा हे पेलेल का ते इंजिनिअरला दाखवूनच ठरवा, ठेकेदाराच्या शब्दावर नको. दुसरं, जुन्या भिंती चुन्याच्या आणि मातीच्या असतात, त्या ओलावा घेतात आणि सोडतात, त्यांचा जीव त्यातच आहे. त्यांच्यावर सिमेंट प्लास्टर करून वर बोर्ड ठोकला तर ओल आत कोंडते आणि भिंतीत घुसलेली लाकडाची टोकं, तुळयांची तोंडं, आतल्या आत कुजतात. म्हणून तुमच्याकडे तर मागची पोकळी आणखीच जरुरीची, आणि तिच्यामागची भिंत चुन्यानेच लिंपलेली असू द्या.

प्रश्न (लोकमान्यनगर) : सिमेंटची चद्दर म्हणजे अ‍ॅस्बेस्टस आणि त्याने कॅन्सर होतो असं ऐकलंय. ह्या पट्ट्यांमधेही तेच का? आणि आमच्या मागच्या शेडवर जुनी चद्दर आहे तिचं काय करू?

भीती बरोबर आहे, आणि प्रश्न दोन वेगळे आहेत.

साइडिंगचे आजचे बोर्ड सेल्युलोजच्या तंतूंचे असतात, त्यांच्यावर 'नॉन-अ‍ॅस्बेस्टस' असं छापलेलं असतं, ते बघून आणि बिलावर लिहून घ्या. पण छपराची जी नागमोडी सिमेंट चद्दर असते तिच्यात आपल्या देशात पांढरा अ‍ॅस्बेस्टस, क्रायसोटाइल, अजूनही घातला जातो. आपल्या मध्य प्रदेशाचा याच्याशी जुना संबंध आहे, कटनीजवळच्या कैमोरला अ‍ॅस्बेस्टस सिमेंटचा कारखाना १९३४ सालीच सुरू झाला. जागतिक आरोग्य संघटनेची कर्करोगावरची संस्था सगळ्या जातीच्या अ‍ॅस्बेस्टसला माणसाला कॅन्सर करणारा पदार्थ म्हणते, युरोपियन युनियनमधे २००५ पासून बंदी आहे, अमेरिकेने २०२४ मधे क्रायसोटाइलवर बंदी घातली. आपल्याकडे छपरासाठीही अ‍ॅस्बेस्टस नसलेली चद्दर मिळते, नवीन शेड करताना तीच मागा.

जुनी चद्दर अखंड असेल, भुगा पडत नसेल, तर लगेच घाबरू नका, धोका तंतू हवेत उडतात तेव्हा असतो. तिला भोक पाडू नका, घासू नका, वरून चढून नाचू नका, ती अचानक फुटते आणि माणसं खाली पडतात. काढायचीच असेल तर ओली करून, स्क्रू सोडवून, अखंड उतरवायची, हातोड्याने फोडून गोणीत भरायची नाही, आणि कामाच्या वेळी मुलांना दुसरीकडे पाठवा. रिकाम्या प्लॉटवर तुकडे टाकून देतात ते तर फारच वाईट, तिथे पोरं खेळतात.

प्रश्न (परस्परनगर) : शेजारी बोर्ड कापायचं काम चाललंय, ग्राइंडरने, धुळीचा नुसता ढग. घरात लहान नातू आहे. ही धूळ वाईट का?

वाईट आहे, आणि नातवापेक्षाही जास्त तो ग्राइंडर धरलेल्या पोराला. बोर्डात अ‍ॅस्बेस्टस नसला तरी सिलिका आहे, आणि कोरड्या ग्राइंडरने कापलं की तिची इतकी बारीक धूळ होते की ती श्वासाबरोबर फुप्फुसाच्या तळापर्यंत जाते आणि तिथे बसते. त्याला सिलिकोसिस म्हणतात आणि ते बरं होत नाही.

आपल्या भागात हे कुणी सांगायला नको. झाबुआ, अलीराजपूर, धारचे आदिवासी मजूर गुजरातेत गोध्राच्या बाजूला क्वार्ट्ज दळायच्या कारखान्यांत कामाला जायचे आणि तरुण वयात हा रोग घेऊन परत यायचे. २०१६ साली सुप्रीम कोर्टाने मेलेल्या २३८ मजुरांच्या कुटुंबांना प्रत्येकी ३ लाख रुपये द्यायला गुजरात सरकारला सांगितलं. मंदसौरच्या स्लेट-पेन्सिलच्या कारखान्यांत त्याआधीपासून हेच चालू होतं. आणि आज आपल्या घरासमोर बसून तोंडाला गमछा बांधून बोर्ड कापणारा पोरगा बऱ्याचदा त्याच गावांकडचा असतो. गमछ्याने ही धूळ अडत नाही.

उपाय महाग नाहीत म्हणूनच चीड येते. कार्बाइडच्या टोकाच्या सुरीने बोर्डावर खोल ओरखडा मारायचा आणि कडेवर दाबून मोडायचा, सरळ काप असतील तर बहुतेक काम असंच होतं आणि धूळ जवळजवळ नाही. हाताने चालवायची कातरही मिळते. मशीनच लागत असेल तर पाण्याची धार सोडून, उघड्या जागी, वाऱ्याकडे पाठ करून, आणि प्रत्येकाला एन-९५ मास्क, नाकावर घट्ट बसणारा. काम झाल्यावर झाडू नाही मारायचा, आधी पाणी मारून मग गोळा करायचं. तुम्ही घरमालक असाल तर मास्क तुम्ही आणून द्या, ठेकेदार आणेल म्हणून थांबू नका, आणि न घालणाऱ्याला काम करू देऊ नका. शेजाऱ्याला जाऊन हेच सांगा, भांडण म्हणून नको, पोराच्या छातीची गोष्ट म्हणून सांगा, ऐकतात लोक. तोपर्यंत खिडक्या बंद आणि खिडकीच्या कडा ओल्या फडक्याने पुसा.

प्रश्न (वैशालीनगर) : दुसऱ्या मजल्याची पश्चिमेची खोली एप्रिल-मेमधे भट्टी होते. बोर्ड लावले तर थंड होईल का?

बोर्डाने नाही, पोकळीने थोडी होईल. ८ मिलिमीटरचा सिमेंटचा बोर्ड स्वतः उष्णता फारशी अडवत नाही. पण ऊन आता विटेवर न पडता बोर्डावर पडतं, मधली हवा तापून वरच्या फटीतून निघून जाते, खालून नवीन येते, आणि वीट आधीइतकी तापत नाही, म्हणून रात्री दहा वाजता आत जी धग यायची ती कमी होते. वरची फट बंद असेल तर हे काही होणार नाही. रंग फिका ठेवा, गडद करडा हल्ली फॅशनमधे आहे पण पश्चिमेच्या भिंतीला तो घेऊ नका. आणि आधी गच्ची बघा, वरच्या मजल्याची खोली बऱ्याचदा स्लॅबमुळे जास्त तापते, तसं असेल तर गच्चीला पांढरा कोट मारणं कितीतरी स्वस्त.

प्रश्न (तिलकनगर) : रंग किती टिकतो? आमच्या ओळखीत बोर्डांवर पांढरे डाग आलेत.

पांढरे डाग म्हणजे आतले क्षार पाण्याबरोबर बाहेर येऊन सुकलेत, म्हणजे मागून किंवा कडेने पाणी जातंय, नुसतं पुसून वर रंग मारला तर परत येतील. आधी कडा आणि सांधे बघायला सांगा. रंगाच्या आधी क्षार सोसणारा प्रायमर, मग बाहेरच्या वापराचा अ‍ॅक्रिलिक रंग दोन हात. ऑइल पेंट नको. नीट लावलेला रंग प्लास्टरवरच्यापेक्षा जास्त टिकतो कारण खाली केसासारख्या भेगा पडत नाहीत. सांध्यांतलं सीलंट रंगाच्या आधी दमतं, म्हणून दर पावसाळ्यापूर्वी एकदा खालून वर नजर फिरवा.

प्रश्न (नवलखा) : बोर्ड लावल्यावर एसीचं बाहेरचं युनिट, कपड्यांची दोरी, दिवाळीची लाइट कुठे टांगायची?

लाइट स्क्रूवर टांगा, काही होत नाही. एसी आणि दोरी यांचं वजन बोर्डावर कधीच नको, त्यांचे ब्रॅकेट बोर्डामधून जाऊन विटेत पक्के झाले पाहिजेत, आणि मधल्या पोकळीएवढा लोखंडी नळीचा तुकडा घालावा नाहीतर बोल्ट आवळताना बोर्ड चेपून तडकतो. म्हणून जागा आधीच ठरवून घ्या. नळाचे, वायरचे पाइपही आधीच.

प्रश्न (अन्नपूर्णा रोड) : काम कधी काढावं?

पावसाळा संपून भिंत सुकली की, म्हणजे आपल्याकडे ऑक्टोबरच्या मध्यापासून पुढे. दिवाळीच्या आधी कारीगर मिळत नाहीत आणि मिळाले तर घाईत करतात, त्यामुळे दिवाळी होऊ द्या, नोव्हेंबर ते फेब्रुवारी छान. मेच्या उन्हात सीलंट फार लवकर वाळतं. माल आला की सपाट, जमिनीपासून वर, लाकडाच्या आडव्या ओंडक्यांवर ठेवा आणि वर ताडपत्री टाका, भिंतीला टेकवून उभा ठेवला तर वाकतो, भिजलेला बोर्ड लावला तर सुकताना आकसतो आणि सांधे उघडतात. उचलताना दोघांनी कडेवर उभा धरून उचला, आडवा उचलला की मधेच मोडतो. आणि त्याच लॉटमधल्या पाच-सहा पट्ट्या जास्तीच्या घेऊन माळ्यावर सपाट ठेवून द्या, पुढे कुणाची गाडी रिव्हर्स घेताना कोपऱ्याला लागली तर तोच नमुना बाजारात सापडेलच असं नाही.